दोन स्पीकर की सहा? आधी आवाज येतोय कुठून ते बघा

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. आजचा प्रश्न: घरी स्टिरिओ घ्यायचा की 5.1 सराउंड?

आधी माझी फजिती ऐका. दिवाळीला नाचणगावला घरी जाताना पुलगावच्या बाजारातून 5.1 सेट उचलला. पाच छोटे बॉक्स, एक वूफर, ब्लूटूथ, वर निळे लाइट. आजीला टीव्हीवरचं बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून खास तिच्यासाठी. लावला तर खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आजी म्हणाली, "आवाज मोठा झाला रे बाप्पा, पण ते काय बोलून रायले ते समजतच नाही."

बीटेक केलेला माणूस खोक्यावरचा आकडा बघून फसला! चूक कुठे झाली?

स्टिरिओत आवाजाचे दोन चॅनल असतात, डावा आणि उजवा. गायिकेचा आवाज दोन्हीत सारखाच असला, की तो बरोबर मधून आल्यासारखा वाटतो. तिथे स्पीकर नसतोच! ब्रिटिश इंजिनिअर ॲलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओच्या पेटंटसाठी 1931 मध्ये अर्ज केला होता. आजही आपण फोनवर ऐकतो ती बहुतेक गाणी दोन चॅनलचीच.

5.1 मध्ये पुढे तीन स्पीकर, बाजूला किंचित मागे दोन, आणि ".1" म्हणजे साधारण 120 हर्ट्झच्या खालच्या घुमणाऱ्या आवाजांचा चॅनल. सिनेमातले बहुतेक संवाद पुढच्या मधल्या स्पीकरमधून येतात.

आता खरी गोम. फोनवरून ब्लूटूथने गाणं लावलं, की नेहमीच्या पद्धतीत दोनच चॅनल जातात. टीव्हीची साधी ऑक्स वायर जोडली तरी तेच. माझ्या सेटमधले बॉक्स ते दोनच चॅनल वाटून घेत होते. संवाद मधून येण्याऐवजी चारी कोपऱ्यांतून येत होता, त्यात फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे घुमत होता.

तुमचा सेट असा आहे का, हे तपासायचंय? फोनवर डाव्या-उजव्या स्पीकरची टेस्ट लावा. डाव्या आवाजाला पुढचा आणि मागचा, दोन्ही डावे बॉक्स सारखेच वाजले, तर तुम्ही सराउंड ऐकत नाही, स्टिरिओची झेरॉक्स ऐकताय.

खऱ्या सराउंडसाठी तीन गोष्टी लागतात:

1. सिनेमाचा ऑडिओ ट्रॅकच 5.1 हवा.
2. टीव्हीतून तो बाहेर नेणारी वाट हवी: एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल.
3. सेटमध्ये डॉल्बी डिजिटलसारखा डिकोडर हवा. नुसतं "5.1" लिहिलेलं चालत नाही.

तिन्हीतली एक जरी नसली, तरी पैसे सहा स्पीकरचे आणि आवाज दोनचा.

शिवाय जागा बघा. दहा बाय बाराच्या खोलीत सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल, तर मागचे स्पीकर ठेवणार कुठे? बजेटचंही साधं गणित आहे. दहा हजारांत सहा बॉक्स घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येतात आणि दोनच घेतले तर किती?

म्हणून माझा हिशोब असा. मुख्यतः फोनवरून गाणी आणि पॉडकास्ट ऐकत असाल, तर दोन चांगले स्पीकर. दोघांत जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर तुम्ही बसा. स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवा. घरातले चारजण इकडेतिकडे बसून टीव्ही बघत असतील, तर मधला स्पीकर असलेला 3.1 साउंडबार बघा, कारण कडेला बसणाऱ्याला स्टिरिओतला "मधला" आवाज बाजूला सरकल्यासारखा वाटतो. ओटीटीवर सिनेमे बघता, वरच्या तिन्ही गोष्टी आहेत आणि मागे जागाही आहे? मग बिनधास्त 5.1 घ्या, मजा येईल.

आणि आजी? सेट काही परत घेतला नाही. मी पुढचे दोन बॉक्स टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले, वूफर पार कमी केला आणि खाली सतरंजी अंथरली. बाकीचे तीन बॉक्स माळ्यावर गेले. दुसऱ्या दिवशी आजीने स्वतःहून आवाज चार घरं कमी करायला लावला. समजायला लागलं होतं ना!

तर दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मागे कोणकोणते पोर्ट आहेत त्याचा एक फोटो काढून न्या. भेटू पुढच्या भागात!