मॅनेजर झालेली आई आणि घरातील कामाची वाटणी

आज आपल्या समाजातील अनेक मुली संगणक क्षेत्रात नोकरी करीत आहेत. ज्यांचे वडील गिरणीत, रेल्वेत, महापालिकेत किंवा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात राबले, त्यांच्या लेकी हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली येथील कंपन्यांत बसून परदेशी बँकांची आणि विमा कंपन्यांची कामे सांभाळतात. दहा-बारा वर्षे नोकरी झाली की मॅनेजरची जागा समोर येते आणि नेमके त्याच वयात घरी चार-सहा वर्षांचे मूल असते. मग घरात चर्चा सुरू होते. सासूबाई म्हणतात, "आहे तो पगार पुरतोय की." नवरा उघड विरोध करीत नाही, पण "पोराचं काय?" एवढे विचारून गप्प बसतो.

हा प्रश्न रास्त आहे. पण तो एकट्या आईलाच का विचारला जातो? मुलाचे वडील मॅनेजर झाले की त्याच घरात पेढे वाटले जातात.

ही नोकरी म्हणजे नेमके काय, हे घरच्यांना ठाऊक नसते. ठाऊक असायला आपल्या घरात यापूर्वी मॅनेजर होता कोण? कालपर्यंत तिच्यापुढे तिच्या वाटणीचे काम होते. प्रोग्रॅम लिहायचा, तपासायचा, द्यायचा. आता आठ-दहा जणांचे काम तिच्या नावावर आले. कोणाचे कोठे अडले, कोणाला रजा द्यायची, ग्राहकाला कोणती तारीख द्यायची, हे तिने ठरवायचे. त्यात वेळेची अडचण वेगळीच. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. म्हणजे मूल पाळणाघरातून घरी येते, अभ्यासाला बसते, जेवायला मागते, त्याच घटकेला साहेबांची मीटिंग लागते.

मी कारकून माणूस, त्यामुळे हिशेब मांडून पाहण्याची सवय आहे. ऑफिसचे ९ तास, येरवडा किंवा दापोडीहून हिंजवडीला जाण्या-येण्याचे २ तास आणि संध्याकाळच्या मीटिंगचा १ तास, असे १२ तास झाले. झोपेचे ७ धरले तर २४ पैकी उरले ५. आता दुसरी बाजू पाहा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे तीत आढळले. २९९ मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. ही सरासरी सर्व प्रकारच्या बायकांची आहे, हे खरे. पण हाच भार मॅनेजर झालेल्या आईवर तसाच राहिला, तर मुलाच्या वाट्याला एक मिनिट उरते! यात दोष नोकरीला द्यायचा की वाटणीला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

"मी मदत करतो ना," असे आपले बांधव म्हणतात. मदत आणि जबाबदारी यांत फरक आहे. भाजी आणायला सांगितले, आणली, ही मदत झाली. घरात काय संपले, डबा कशाचा, उद्या शाळेत काय न्यायचे, हे सांगितल्याशिवाय ज्याच्या डोक्यात असते, त्याची ती जबाबदारी. ऑफिसात आठ-दहा जणांवर काम सोपवणारी बाई घरी येऊन मात्र प्रत्येक काम स्वतः करते किंवा स्वतः आठवण करून देते. मॅनेजरचे पहिले शिक्षण असे की, काम सोपवायचे तर काळजीसकट सोपवावे आणि मग त्यात सारखे बोट घालू नये. घरातही हाच नियम लावावा. नवऱ्याने केलेली पोळी वाकडी झाली तरी मुलाचे पोट तिने भरते.

आजीचाही विचार व्हावा. पुष्कळ घरांत सुनेची नोकरी सासूच्या जिवावर चाललेली असते. आयुष्यभर राबलेल्या बाईला साठीनंतर पुन्हा बिनपगारी नोकरी लावू नये. तिलाही आठवड्याची सुट्टी हवी.

नवी नोकरी धरताना भगिनींनी संकोच सोडून चार गोष्टी आधीच विचाराव्यात. संध्याकाळच्या मीटिंगा आठवड्यात किती? रात्री सिस्टीम बंद पडली तर कोणाची पाळी? घरून काम करण्याची मुभा किती दिवस? पाळणाघर आहे काय? जुन्या कंपनीतील भविष्य निर्वाह निधी काढून खर्च करू नये, तो नव्या खात्यात वळवून घ्यावा.

कायद्याची माहितीही असावी. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही या तरतुदी आहेत. या लाभासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. नोकरी बदलताना हे ध्यानात ठेवावे. हा हक्क कोणाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात कामकरी स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या बिलाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. १९२९ साली त्याचा कायदा झाला.

पहिले तीन महिने कसोटीचे असतात. आपण लायक आहोत हे दाखवण्याच्या नादात पुष्कळ जणी रात्री बारापर्यंत जागतात, सगळे स्वतःच तपासतात. तसे करू नये. हाताखालच्या प्रत्येकाशी अर्धा तास स्वतंत्र बोलावे, आधी ऐकावे, मगच बदल करावेत. मुलासाठीचा एक तास पहिल्याच आठवड्यात सर्वांना सांगून ठेवावा. मोठा बिघाड झाला तरच त्या वेळी फोन करावा, असे स्पष्ट सांगावे. याने मान कमी होत नाही. मॅनेजर मध्यरात्री निरोप धाडू लागली तर हाताखालचेही जागू लागतात. त्यांच्याही घरी लहान मुले असतात.

म्हणून भगिनींनो आणि बंधूंनो, घरात अशी नेमणूक आली तर नकार किंवा होकार देण्याआधी एका रविवारी सर्वांनी मिळून बसावे. पाणी भरण्यापासून शाळेच्या फीपर्यंत घरातील सारी कामे कागदावर लिहावीत आणि प्रत्येक कामापुढे एकाचे नाव घालावे. एकच नाव पुन्हा पुन्हा आले तर कागद फाडून नवा घ्यावा. वाटणी जमेपर्यंत उठू नये.