व्यवस्थापन-शिक्षणाची प्रवेशपरीक्षा व घरबसल्या अभ्यास



जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत जीं लेणीं आहेत, त्यांच्या भिंतींवर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेले लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें दान दिल्याचा उल्लेख त्यांत सांपडतो. बांबूचें काम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचींहि नांवें येतात. पश्चिमेला नाणेघाटांत सातवाहनांच्या काळचा जो मोठा लेख आहे, त्यांत यज्ञांत दिलेल्या दानांचे आंकडे कोरलेले असून, भारतांतील अतिप्राचीन अंकचिन्हांत त्यांची गणना होते. सांगावयाचें तात्पर्य इतकेंच कीं, हिशेब आणि व्यापार हे विषय आमच्या मुलखाला परके नाहींत. आजहि नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचा भाव पडला कीं घरोघरचा हिशेब बदलतो. परकें आहे तें या विद्येच्या आधुनिक शाळेचें दार. आणि त्या दाराची किल्ली म्हणजे प्रवेशपरीक्षा.

मी प्राथमिक शाळेंतला निवृत्त शिक्षक. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत व त्यावर शिक्षकाची पदविका, एवढेंच. तरीहि जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांतील पालक अलीकडे माझ्याकडे येऊन एकच प्रश्न करतात: "गुरुजी, मुलीला एमबीएची परीक्षा द्यायची आहे. पुण्याला ठेवावी, कीं मोबाइलवरचा वर्ग लावून द्यावा?" या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला जें कळलें, तें आपल्यापुढें ठेवावें असा आजचा हेतु आहे. शहरांतील घरांतूनहि हा प्रश्न आहेच. तेथें तो फक्त निराळ्या कपड्यांत वावरतो.

प्रथम परीक्षा कशी असते तें पाहूं. आपल्याकडील मुलांपुढें मुख्यतः दोन परीक्षा असतात. एक महाराष्ट्र राज्याची सीईटी. मुंबईची १९६५ सालीं स्थापन झालेली जमनालाल बजाज संस्था किंवा पुणें विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग येथील प्रवेश हिच्या गुणांवर होतात. २०२५ सालीं या परीक्षेंत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते: तर्कशक्तीचे ७५, आकृतींच्या तर्काचे २५, अंकगणिताचे ५०, व इंग्रजी भाषा आणि उताऱ्याचे ५०. चुकलेल्या उत्तराबद्दल गुण कापले जात नव्हते. दुसरी परीक्षा कॅट. कलकत्ता व अहमदाबाद येथें १९६१ सालीं ज्या व्यवस्थापन संस्था निघाल्या, त्यांच्या आतांच्या मोठ्या कुटुंबाची ही परीक्षा. ती २००९ पासून संगणकावर होते. २४ नोव्हेंबर २०२४ रोजीं झालेल्या परीक्षेंत ६८ प्रश्न होते. तीन भाग, प्रत्येकास ४० मिनिटें, आणि एका भागांतून दुसऱ्यांत जाण्याची मुभा नाहीं. बरोबर उत्तराला ३ गुण. पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा.

आतां या आंकड्यांचा अर्थ पाहूं. १५० मिनिटांत २०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नास ४५ सेकंद. या परीक्षेंतलें गणित बहुतांशीं दहावीपर्यंतचें असतें: शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, सरासरी, गुणोत्तर. टोमॅटोचा भाव शेंकडा २० नें उतरला आणि पुन्हां शेंकडा २० नें चढला, तर तो मूळ ठिकाणीं येतो काय? शंभराचे ऐंशी होतात, आणि ऐंशींचे शहाण्णव. चार रुपये गेले ते गेलेच. हें आमच्या शेतकऱ्याला अनुभवानें ठाऊक आहे. म्हणजे प्रश्न अवघड नसतो. तो ४५ सेकंदांत सोडविणें, आणि जो सुटणार नाहीं तो पांच सेकंदांत ओळखून सोडून देणें, हें अवघड असतें.

अंदाजानें उत्तर द्यावें कीं नाहीं, याचाहि हिशेब आहे. सीईटींत कपात नसल्यानें एकहि प्रश्न कोरा ठेवणें हा तोटाच. कॅटमध्यें चार पर्यायांच्या चार प्रश्नांना डोळे मिटून उत्तरें दिलीं, तर सरासरीनें एक बरोबर येऊन ३ गुण मिळतील व तीन चुकून ३ गुण जातील, हातीं शून्य. परंतु प्रत्येक प्रश्नांतला एक पर्याय खात्रीनें चुकीचा आहे असें ओळखतां आलें, तर तीन प्रश्नांत ३ मिळतात व २ जातात. हातीं १ उरतो. अर्धवट ज्ञानालाहि किंमत आहे, पण तें किती अर्धवट आहे हें स्वतःस कळलें पाहिजे.

आणखी एक गैरसमज 'पर्सेंटाइल' या शब्दाचा. ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकीं ९० गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकीं नव्वद आपल्या खालीं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ च्या कॅटला सुमारें २ लाख ९३ हजार विद्यार्थी बसले. त्यांत ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्याहि पुढें जवळजवळ २,९०० जण असतात. पालकांनीं हा आंकडा लक्षांत ठेवला, तर मुलावर उगाच रागावण्याचे कांहीं प्रसंग टळतील.

आतां घरबसल्या अभ्यासाकडे वळूं. घोडेगांवाहून पुणें सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, जुन्नराहून नव्वद-पंचाण्णव. वाटेंत चाकणची वाहनांची गर्दी. पुण्यांतला वर्ग संध्याकाळीं सुटला, तर मुलगी गांवच्या फाट्यावर उतरेपर्यंत रात्र होते. आणि फाट्यापासून वस्तीपर्यंतची वाट उसांतून जाते. आमच्या भागांत उसांत बिबट्या असतो, ही गोष्ट आपण वर्तमानपत्रांत वाचली असेल. आम्ही ती दार लावतांना आठवतों. अशा घरांतल्या मुलीला शिक्षक मोबाइलमधून घरीं येतो, ही सोय लहान नाहीं. तिची थट्टा मी कधींहि करणार नाहीं.

परंतु त्या सोयींत काय येतें व काय येत नाहीं, हें मला एका विद्यार्थिनीमुळें समजलें. तिचें गांव घोडेगांवच्या पश्चिमेस, डिंभे धरणाच्या अंगाला. वडिलांची थोडी शेती व दोन गाई. तिनें बी. कॉम. झाल्यावर एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला; दुधाचे पैसे सांठवून फी भरली होती. घरांत रेंज येत नसे, म्हणून ती सकाळीं देवळाच्या पारावर बसून धडे मोबाइलमध्यें उतरवून घेई व दुपारीं पाही. पांच महिन्यांत तिनें सगळे धडे पाहिले. तीन वह्या सुंदर अक्षरांत भरल्या. मग परीक्षेच्या आधीं तीन आठवडे तिनें पहिली पूर्ण सराव-चाचणी दिली. १५० मिनिटें संपलीं तेव्हां ती १२१ व्या प्रश्नावर होती. त्या वर्षीं तिला प्रवेश मिळाला नाहीं.

ती माझ्याकडे आली ती रडत नव्हे, तर रागावून. "गुरुजी, मला सगळें येत होतें," ती म्हणाली. मीं तिच्या वह्या पाहिल्या. तें खरें होतें. वह्यांतलें प्रत्येक गणित बरोबर होतें. पण तीं गणितें तिनें सोडविलेलीं नव्हतीं. शिक्षकानें सोडविलेलीं तिनें उतरून घेतलीं होतीं. शाळेंत फळ्यावरचें गणित उतरून घेणाऱ्या मुलाला मी उभा करीत असें, फळा पुसून तेंच गणित पुन्हां करावयास सांगत असें. मोबाइलमधला शिक्षक किती का चांगला असेना, तो फळा पुसूं शकत नाहीं. तें काम कोणीतरी घरांत करावें लागतें.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं नवा अभ्यासक्रम घेतला नाहीं. तेच धडे ठेवले, रीत बदलली. प्रथम प्रश्न वाचावयाचा, व्हिडिओ थांबवावयाचा, घड्याळ लावून स्वतः प्रयत्न करावयाचा. मगच शिक्षकाची रीत पाहावयाची. जो धडा येतो तो पाहावयाचाच नाहीं. दर रविवारीं सकाळीं नऊ वाजतां, मध्यें न उठतां, पूर्ण चाचणी. आणि तीहि मोबाइलवर नव्हे, तर घोडेगांवांतल्या एका ओळखीच्या घरच्या संगणकावर. कारण खरी परीक्षा संगणकावर असते, आणि बोटाची संवय व माउसची संवय एक नव्हे.

सर्वांत उपयोगी पडली ती चुकांची वही. तिच्यांत तीन रकाने केले: 'येतच नव्हतें', 'येत होतें पण घाईनें चुकलें', आणि 'सोडून द्यावयास हवें होतें'. चार चाचण्यांनंतर पाहिलें, तर पहिल्या रकान्यांत फारच थोडें होतें. निम्म्याहून अधिक चुका दुसऱ्यांत होत्या, व वेळ सगळा तिसऱ्यानें खाल्ला होता. म्हणजे जिला आणखी धड्यांची गरज आहे असें आम्हां सर्वांस वाटत होतें, तिला धड्यांची गरजच नव्हती. ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या कोणत्याहि जाहिरातींत सांगितलेली नसते, कारण धडे विकतां येतात. चुकांची वही विकतां येत नाहीं.

घाईच्या चुकांवर एक जुनें औषध उपयोगी पडलें. सीईटींत गणकयंत्र मिळत नाहीं. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं व आणे मागें पडले, परंतु 'बारा आणे पीक' हा शब्द आमच्या तोंडीं अजून आहे. आण्यांत विचार केला कीं शेकडेवारी सोपी होते. साडेबारा टक्के म्हणजे दोन आणे. साडेसदतीस टक्के म्हणजे सहा आणे. ६४० चे साडेसदतीस टक्के किती? ६४० चा एक आणा ४०. सहा आणे २४०. शेंकडा २५ वाढ म्हणजे सवायकी: अठ्ठेचाळिसाची सवायकी साठ, म्हणून ४८० चे ६००. शेंकडा ५० वाढ म्हणजे दिडकी. पावकी, निमकी, पाऊणकी हीं आमच्या वडिलांच्या पिढीनें पाठ केलेलीं कोष्टकें संगणकावरच्या परीक्षेंत कामास आलीं, याचा मला म्हाताऱ्याला थोडा आनंद झाला, हें कबूल करतों.

त्या वर्षीं ती २०० ही प्रश्नांपर्यंत पोहोंचली, आणि प्रवेशाच्या दुसऱ्या फेरींत तिला पुण्यांतल्या एका महाविद्यालयांत जागा मिळाली. तिच्याहून अधिक गुण मिळविणारे हजारों असतील. पेढे घेऊन तिचे वडील आले व म्हणाले, "गुरुजी, फी भरली पहिल्या वर्षाला, आन अभ्यास झाला दुसऱ्या वर्षाला."

हें वाक्य शहरांतील पालकांनीं मनांत ठेवावें असें मला वाटतें. तुमच्या घरीं रेंज आहे, वीज आहे, स्वतंत्र खोलीहि असेल. म्हणूनच तुम्हांस असें वाटण्याचा संभव अधिक कीं, फी भरली म्हणजे आपलें कर्तव्य झालें. फी भरण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्यात. शंका विचारल्यास उत्तर किती वेळांत मिळतें? पूर्ण लांबीच्या चाचण्या किती, व त्यांचें विश्लेषण मिळतें काय? मध्येंच सोडल्यास पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी आहेत काय? आणि 'हप्ते' म्हणून ज्यावर सही मागतात, तें वस्तुतः कर्ज तर नव्हे? पायाच कच्चा असेल, तर महागडा अभ्यासक्रम घेण्याआधीं बालभारतीचीं आठवी ते दहावीचीं गणिताचीं पुस्तकें काढावींत. तीं संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. कॅट घेणाऱ्या संस्थाहि आपल्या संकेतस्थळावर सराव-चाचणी ठेवतात, तीहि मोफत.

आणि फी भरल्यावर घरानें आपला वाटा द्यावा. रोज ठराविक दोन तास त्या मुलीला हांक मारूं नये. पाहुणे आले तरी चहा दुसऱ्यानें करावा. अभ्यासाचा मोबाइल घरांतल्या इतरांच्या निरोपांसाठीं त्या वेळांत मागूं नये. रविवारच्या चाचणीनंतर 'किती पडले?' असें न विचारतां 'कोणत्या रकान्यांत किती गेल्या?' असें विचारावें. हें विचारावयास पालकाला गणित येण्याची गरज नाहीं. त्या मुलीच्या आईला येत नव्हतें. पण रविवारीं दुपारीं वही उघडून ती तीन रकाने मोजीत असे.

पूर्वीं विद्यार्थी शिक्षकाच्या घरीं जाई, मग शाळेंत जाऊं लागला. आतां शिक्षक विद्यार्थ्याच्या घरीं येतो. शिक्षक घरीं आला तरी शाळा आपोआप घरीं येत नाहीं. वेळेची घंटा, पुसलेला फळा, आणि चूक दिसल्यावर शांतपणें 'पुन्हां कर' म्हणणारें माणूस, या तीन गोष्टी मिळून शाळा होते. त्या विकत मिळत नाहींत. परंतु त्या कोणत्याहि घरांत मांडतां येतात, मग तें घर पुण्याच्या पेठेंत असो कीं डिंभ्याच्या कांठीं.