रुग्णालयाच्या पाण्याचा ठेका घेताना

मार्च लागला की महालातील गल्ल्यांत कूलर बाहेर निघतात. खस बदलणे, पंप तपासणे, टाकीतला पांढरा थर खरवडणे, ही कामे आपले कितीतरी कारागीर बांधव वर्षानुवर्षे करीत आले आहेत. हा थर का साचतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कूलिंग टॉवरचे निम्मे गणित येतेच. पाणी हवेत उडून जाते, क्षार मागे राहतात आणि उरलेले पाणी जड होत जाते.

महालपासून डागा आणि मेयो जवळ आहेत, मेडिकलही फार दूर नाही. मिहानमधील एम्सचे उद्घाटन २०२२ साली झाले. खाजगी रुग्णालये वेगळीच. मोठ्या रुग्णालयांत सेंट्रल एसीसाठी कूलिंग टॉवर लागतो; उपकरणे निर्जंतुक करणे, धुलाई व स्वयंपाक यांच्या वाफेसाठी बॉयलर लागतो. या पाण्याची निगा बहुधा वार्षिक ठेक्याने दिली जाते. आपले बांधव तेथे रसायनांचे डबे पोचविणारे म्हणून शिरतात व किलोचा भाव लावतात. आमच्या मते नुकसान तेथूनच सुरू होते. किलोचा भाव कोणीही दोन रुपयांनी तोडू शकतो. थर बसला की दोष मात्र पुरवठादाराचा.

आमच्या ओळखीच्या एका फिटरने हिवाळ्यात नळाच्या पाण्याचा नमुना तपासून एका खाजगी रुग्णालयाचा ठेका घेतला. मे महिन्यात नळाचे पाणी कमी पडले, तेव्हा रुग्णालयाने टॉवरमध्ये बोअरचे पाणी सोडले. ते कितीतरी जड निघाले. दुप्पट रसायन घालूनही कंडेन्सरच्या नळ्यांत थर बसला, बिल अडले आणि डिस्केलिंगचा खर्च त्याच्याच माथी आला. करारात पाणी कोठले याबद्दल एक ओळही नव्हती!

म्हणून भाव सांगण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. नळ, बोअर, टँकर अशा प्रत्येक पाण्याचा नमुना तपासावा आणि पाणी बदलल्यास दर बदलेल असे लिहून घ्यावे. जुना थर आधीच असेल तर यंत्र उघडून, छायाचित्र काढून त्यावर रुग्णालयाच्या इंजिनियरची सही घ्यावी.

आता हिशेब पाहू. शंभर टनांचा एसी पूर्ण भाराने चालला तर टॉवरमधून तासाला सुमारे ६०० लिटर पाणी उडते. क्षार दुप्पट होऊ द्यायचे ठरले तर तितकेच, म्हणजे आणखी ६०० लिटर, गटारात सोडावे लागते. चौपट चालणार असतील तर २०० लिटर पुरतात. यालाच ब्लोडाऊन म्हणतात. पाणी वाचविण्यासाठी ऑपरेटरने तो व्हॉल्व बंदच ठेवला तर कोणतेही रसायन थर रोखू शकत नाही. तेव्हा व्हॉल्व कोण उघडणार, नोंदवहीत कोण लिहिणार, हे करारात हवे.

बॉयलरचा जीव सॉफ्टनरमध्ये असतो. त्याला वेळेवर मीठ लागते. मिठाची पोती कोणी आणायची यावरून होणारी भांडणे आम्ही पाहिली आहेत. शिवाय येथे वाफ उपकरणांना आणि अन्नाला लागते, म्हणून हायड्राझिनसारखे विषारी रसायन चालणार नाही. पाण्यातील ऑक्सिजन काढण्यास सोडियम सल्फाइट वापरतात.

टॉवरच्या बाबतीत थरापेक्षा मोठी जोखीम जंतूंची आहे. १९८५ साली इंग्लंडमधील स्टॅफर्डच्या जिल्हा रुग्णालयात लिजिओनेला जंतूंची साथ पसरली व २८ माणसे दगावली. हे जंतू कूलिंग टॉवरमधून उडणाऱ्या तुषारांतून पसरले होते. तेव्हा जंतुनाशकाचा खर्च भावातून वगळून निविदा स्वस्त करणे हा धंदा नव्हे. टॉवरची सफाई व जंतूंची प्रयोगशाळेतील तपासणी यांचा दर वेगळा लावावा.

राहिला पैशांचा प्रश्न. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे. न झाल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मात्र २०२१ साली घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. नोंदणीत फक्त रसायनांचा व्यापार लिहिला असेल तर या ४५ दिवसांवर हक्क सांगता येत नाही. देखभाल सेवा हे काम नोंदणीत घालून घ्यावे, तेही करारावर सही करण्याआधी.