पूल येईपर्यंत

वसई–भाईंदर रो-रोवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. गिरीजहून पारनाक्यावर यायचं आणि तिथून थेट किल्ल्यात शिरायचं. पडक्या तटांमधून जाणारा तोच रस्ता पुढे जेट्टीवर उतरतो. समोर भाईंदर. पाण्यावरून अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर, पंधरा मिनिटांचं. गाडी घेऊन रस्त्याने जायचं तर महामार्ग, घोडबंदर, काशीमिरा असा अडतीसेक किलोमीटरचा वळसा, आणि महामार्गावर कोंडी असली तर अख्खी सकाळ गेली. लोकल आहे, पण लोकलमध्ये मोटरसायकल चढत नाही. पहाटे दादरला फुलं पोचवणाऱ्या वसईकरांना लोकलमध्ये कसं चढावं लागतं, हे वेगळं सांगायला नको.

20 फेब्रुवारी 2024 ला ही फेरी सुरू झाली. जेट्ट्या केंद्राच्या सागरमाला योजनेतून आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या देखरेखीखाली झाल्या. बोट चालवण्याचं काम सुवर्णदुर्ग शिपिंगकडे आलं. सुरुवातीचे दर माणशी 30 रुपये, दुचाकीला 60, चारचाकीला 180. अधिकृत इतिहास एवढाच आहे आणि तो जेट्टीवर उभ्या असलेल्या कुणालाही तोंडपाठ असतो.

माझं लक्ष खिळलं ते रॅम्पवर, आणि रॅम्प सांभाळणाऱ्या खलाशावर.

या बोटीला प्रवासी बोटीसारखं नाकाड नाही. पुढचं तोंड म्हणजेच एक जाड लोखंडी फळी, वायररोपवर टांगलेली. बोट धक्क्याच्या उतारावर आली की विंच सुटते, फळी खाली येते आणि तिची कड काँक्रीटवर खरवडत बसते. बोट इथे दोरखंडाने घट्ट बांधत नाहीत. इंजिन चालूच राहतं आणि बोट पुढे रेटलेली राहते, त्या रेट्यावरच फळी जागेवर टिकते. गाड्या चढत असताना वजन सरकतं, बोट किंचित खाली बसते, प्रवाह बाजूने ढकलत असतो. खलाशी या सगळ्याकडे पाहत एका हाताने वर केबिनला खूण करतो आणि दुसऱ्याने मोटारवाल्याला. पहिल्यांदा येणारा मोटारवाला नेमका फळीच्या टोकावर ब्रेक मारतो. पुढचं चाक फळीवर, मागचं ओल्या काँक्रीटवर. खलाशी ओरडत नाही. काचेजवळ वाकतो, हाताचा पंजा सपाट धरून हळूहळू पुढे नेतो, आणि गाडी त्या पंजामागे येते. मग मोटरसायकली दोन गाड्यांमधल्या फटीत बसवतो, हँडल कुठे वळवायचं तेही सांगतो. तीसेक गाड्यांचा हा हिशेब कुठेही लिहिलेला नाही, आणि मला त्याच्या कामाबद्दल अतोनात आदर वाटला.

फळीचा खरा मालक मात्र पाणी आहे. भरतीला ती उताराच्या वरच्या टप्प्यावर, कोरड्या काँक्रीटवर टेकते. सुकतीला बोट खाली सरकते आणि उताराचा शेवाळलेला, गाळ चढलेला भाग उघडा पडतो. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी भरतीची वेळ घड्याळाआधी तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तो भांगाचा दिवस, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. तेव्हा भरती बाराच्या आसपास, म्हणून पाणी तळाला जातं सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. नोकरदार माणूस घरून निघतो आणि परततो त्याच वेळा या. महिन्यातून दोनदा, गर्दी सगळ्यात जास्त असते तेव्हाच खाडीत पाणी सगळ्यात कमी. वेळापत्रक कितीही काटेकोर आखा, या गणितातून कुणाची सुटका नाही.

सुवर्णदुर्गची वाढ याच गणिताच्या बळावर झाली. माजी आमदार डॉ. चंद्रकांत मोकल यांनी 2003 च्या ऑक्टोबरमध्ये दाभोळ–धोपावे फेरी सुरू केली. दाभोळहून गुहागरकडे गाडीने जायचं तर वाशिष्ठीच्या खाडीला वळसा घालून चिपळूणमार्गे जावं लागे. ते अंतर काही मिनिटांवर आलं. पाठोपाठ वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा. कोकणच्या किनाऱ्याला खाड्यांनी जिथे जिथे तोडलं आहे तिथे कंपनीने बोट आणून लावली. त्या अनुभवावर ती वसईला आली. वैतरणेच्या खाडीवरही 2025 मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याजवळच्या जलसारला रो-रो सुरू झाली. पर्यटक या बोटींचे फोटो काढतात. गावकऱ्यांना त्यांतून दवाखाना, बाजार आणि माहेर गाठता येतं.

सुवर्णदुर्गची ही वाढ पाहताना मला सारखी जुन्या आगबोट कंपन्यांची आठवण येत होती.

एकोणिसाव्या शतकात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी मुंबईहून कोकणात जात. 1906 मध्ये बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन लिमिटेड कंपनी झाली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले: गिरणगावातला चाकरमानी गणपती-शिमग्याची स्वप्नं याच बंदरांच्या नावांनी पाहायचा. स्वदेशीच्या लाटेत इंडियन को-ऑपरेटिव्ह नेव्हिगेशन कंपनी उभी राहिली. लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, आणि तिच्या बोटींना संतांची नावं होती. त्यांतली ‘तुकाराम’ 1927 च्या नोव्हेंबरमध्ये बुडाली. 17 जुलै 1947 ला, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वादळात कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांतून जमेल तितकी माणसं उचलून आणली.

बॉम्बे स्टीमचा शेवट एवढा गाजला नाही. ती सिंदियात विलीन झाली. मग सिंदियाची कोकणातली प्रवासी वाहतूक चालवायला 1953 मध्ये त्याच नावाची नवी कंपनी निघाली. तिने बोटी आणि इतर मालमत्ता 81 लाख 55 हजारांना घेतली, बरीचशी रक्कम सहा टक्के व्याजाने फेडायच्या बोलीवर. ते व्याज खर्च म्हणून धरायचं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनी जिंकली. आजही प्राप्तिकराचे विद्यार्थी तो निवाडा अभ्यासतात. ज्या कंपनीच्या डेकवर कोकणातल्या पिढ्यांना बोट लागली, तिचं नाव आता करसल्लागारांच्या तोंडी जास्त येतं, याचं मला वाईट वाटतं. पुढे ही वाहतूक चौगुल्यांकडे, सत्तरच्या दशकात मोगल लाइनकडे गेली. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी अनेकांना आठवत असतील. मोगल लाइन 1986 मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि थोड्याच वर्षांत कोकणची बोट कायमची थांबली.

आगबोट कोकण रेल्वेने मारली असं सर्रास म्हटलं जातं. पण रेल्वे पूर्ण झाली 1998 मध्ये, बोट त्याच्या कितीतरी आधी गेली. तिला मारलं एसटीने आणि महामार्गावरच्या पुलांनी. एसटी पावसाळ्यातही धावत होती, बोट मात्र आषाढ-श्रावणात बंद. शिवाय बहुतेक बंदरांत बोट लागेल असा धक्का कधी बांधलाच गेला नाही. बोट खोल पाण्यात नांगर टाकी आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कडेवरची मुलं पडावातून तिच्या शिडीपर्यंत हेलकावत जात. एसटी दारात येऊ लागल्यावर पडावात कोण बसणार?

धक्क्याचा हा धडा रो-रोने गिरवला आहे. जेट्टी आधी, बोट नंतर. पण पुलाचं काय?

रेवस–रेडी सागरी महामार्गाची आखणी नकाशावर बोट फिरवत पाहिली तर छातीत धस्स होतं. आगरदांड्याची खाडी, बाणकोटची, दाभोळची, जयगडची: एमएसआरडीसीचे पूल नेमके तिथे येताहेत जिथे सुवर्णदुर्गच्या बोटी चालतात. इकडे वसईच्या खाडीवर एमएमआरडीएचा भाईंदर–नायगाव पूल कित्येक वर्षं चर्चेत आहे, त्याला उत्तन–विरार सागरी सेतूची भर पडली आहे. पूल नको असं मी म्हणणार नाही. पाणजू बेटावरच्या माणसाला विचारा, वरून रेल्वे धडधडत जाते आणि त्याला स्टेशन गाठायला होडी लागते. रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायची असेल तर पूल हवाच.

पण पूल व्हायला वर्षं लागतात, आणि माझी भीती त्या मधल्या वर्षांची आहे. पूल येणारच आहे, मग जेट्टीवर खर्च कशाला, असं म्हणत गाळ साचू द्यायचा, उताराची दुरुस्ती पुढे ढकलायची, आणि शेवटी फेऱ्या कमी झाल्या की प्रवासीच येत नाहीत असं कारण द्यायचं. पडावांच्या बंदरांचं असंच झालं. बोटवाल्या कंपनीने फळी कितीही नेटाने चालवली, तरी ती टेकते तो उतार सरकारचा आहे आणि खाडीचा तळही सरकारचाच.

वसईच्या जेट्टीवर आज सगळ्यात आधी काय हवं, ते रांगेतल्या माणसांनी मला सरळ सांगितलं. वसई स्टेशनहून जेट्टीपर्यंत फेरीच्या वेळेला जुळणारी बस. अमावास्या-पौर्णिमेच्या बदललेल्या वेळा आदल्या दिवशी जेट्टीवरच्या फलकावर. उतारावरचं शेवाळ रोज धुणारा माणूस, आणि गाळ कधी काढणार याची तारीख. यांतल्या एकाही गोष्टीला पुलाइतका पैसा लागत नाही. पहिल्या दोन तर पुढच्या उधाणाच्या आत करता येतील.