गार खडकातून ऊब

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत पहाटे विहिरीचे पाणी अंगावर घेतले, तर ते चक्क कोमट लागते. पाण्यावर वाफेचा विरळ पडदाही तरंगताना दिसतो. त्याच विहिरीचे पाणी वैशाखात प्यायले, तर जीव गार होतो. मग विहीर काय ऋतू पाहून पाणी तापवते आणि निववते? तसे नाही, हे तुम्ही स्वतःच तपासू शकाल. पाण्याने भरलेल्या बाटलीत तापमापी ठेवा आणि घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन ती बाटली दोरीने विहिरीत खोलवर सोडा. तासाभराने वर ओढा. बाटलीतल्या पाण्यामुळे पारा वाटेत सरकत नाही. पुण्यासारख्या ठिकाणी पौषात काय आणि वैशाखात काय, पारा सुमारे २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच घुटमळेल. बदललेली असते ती वरची हवा. आपली त्वचा तापमान मोजत नाही, ती तुलना करते.

जमिनीचा हा स्थिर स्वभाव शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोलीवर तळघरे आहेत. प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने १७८३ साली तेथे एक अतिशय नाजूक तापमापी बसवली. वर शहरात बर्फ पडो की ऊन तापो, खाली पारा १२ अंशांच्या जवळच राही.

याचे कारण असे, की माती आणि खडक हे उष्णतेचे मंद वाहक आहेत. उन्हाळ्याची ऊब जमिनीत शिरते खरी, पण ती मुंगीच्या पावलांनी. सर्वसाधारण मातीत ती सात मीटर खाली पोहोचेपर्यंत सुमारे सहा महिने लोटतात आणि वर हिवाळा आलेला असतो! शिवाय वाटेत ती इतकी विरून जाते, की वरच्या चढउताराचा शंभरातला जेमतेम चार भाग तेथे जाणवतो. आणखी खाली गेले, की उन्हाळा आणि हिवाळा यांची सरासरी तेवढी उरते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जमिनीतली उष्णता म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे ज्वालामुखी आणि उन्हाळी म्हणजे गरम पाण्याचे झरे येतात. पृथ्वीचे पोट तप्त आहे आणि खाली जावे तसे दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते, हे बरोबर. पण ही आतली उष्णता वर येते ती फारच थोडी. एका चौरस मीटरला वॉटचा जेमतेम पंधरावा भाग. उलट सूर्याकडून त्याच चौरस मीटरला, रात्र आणि ढग जमेस धरूनही, वर्षाच्या सरासरीने दोनशे वॉटच्या आसपास मिळतात. म्हणजे विहिरीतली ऊब ही मुख्यतः सूर्याचीच ठेव आहे.

काही भाग्यवान देशांना मात्र पोटातली उष्णताच हाताशी लागते. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथे १९३० साली गरम झऱ्यांचे पाणी सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या नळाने गावात आणले. आधी ते एका शाळेला मिळाले, मग इस्पितळाला, पोहण्याच्या तलावाला आणि काही घरांना. आज त्या देशातली दहापैकी नऊ घरे अशाच पाण्याने उबदार राहतात. आपल्याकडे लडाखमधील पुगाच्या खोऱ्यात उकळत्या पाण्याचे झरे आहेत. तेथे १९७० च्या दशकात विंधन विहिरी घेऊन चाचपणी झाली होती. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे ही कोकणातली स्थळे तर तुम्हांला ठाऊकच असतील.

पण जेथे गरम झरे नाहीत, तेथे काय करायचे? स्वीडनचे उदाहरण घेऊ. तेथे आहे तो कठीण ग्रॅनाइट आणि नाइस खडक. स्टॉकहोमच्या परिसरात शंभर मीटर खाली त्याचे तापमान आठ अंशांच्या आसपास भरेल. घरात हवे वीस अंश. आता आठ अंशांच्या खडकाने वीस अंशांची खोली तापवायची, हे बर्फाच्या लादीवर दूध उकळण्यासारखे वाटते ना? उष्णता आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलट कधीही जात नाही, असे तुम्ही शिकला आहात. पाणीही आपण होऊन उतारानेच वाहते. तरी आपण ते गच्चीवरच्या टाकीत चढवतोच की! त्यासाठी पंप लागतो आणि पंपाला वीज. उष्णतेचेही तसेच आहे. उष्णता चढवणारे जे यंत्र, त्याला 'उष्णता-पंप' म्हणतात.

नाव नवे वाटले तरी यंत्र तुमच्या ओळखीचे आहे. घरातल्या फ्रिजच्या मागच्या जाळीला किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहा. तो गरम लागतो. आतल्या भाजीची आणि दुधाची काढून घेतलेली उष्णता तेथे बाहेर टाकली जाते. म्हणजे फ्रिज भाजीला थंड करतो आणि स्वयंपाकघराला किंचित तापवतो. भाजीच्या जागी खडक ठेवा आणि स्वयंपाकघराच्या जागी सारे घर, की झाला उष्णता-पंप.

हे घडते कसे, ते नीट समजून घेण्याजोगे आहे. नळ्यांच्या बंद वेटोळ्यात एक शीतक द्रव फिरत असतो. तो फार कमी तापमानाला उकळणारा निवडतात. उदाहरणार्थ, प्रोपेन साध्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतो. अशा द्रवाला आठ अंशांचा खडक म्हणजे पेटती चूलच! खडकातून आलेल्या पाण्याची उष्णता शोषून तो उकळतो व त्याची वाफ होते. ही वाफ कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड तापते, ते आठवा. दाबलेली वाफही तशीच तापते, घरातल्या पाण्यापेक्षाही अधिक. मग ती घरभर फिरणाऱ्या पाण्याच्या नळांना आपली उष्णता देते आणि पुन्हा द्रवरूप होते. एका बारीक झडपेतून बाहेर पडताना तिचा दाब उतरतो, ती गार होते आणि पुन्हा खडकाकडची उष्णता घ्यायला सिद्ध होते.

आता हिशेब पाहू, कारण खरी गंमत त्यातच आहे. विजेच्या शेगडीत एक युनिट वीज जाळली, तर एकच युनिट उष्णता मिळते, काडीभरही जास्त नाही. उष्णता-पंपाला मात्र एक युनिट वीज दिली, तर चांगल्या परिस्थितीत घराला चार युनिट उष्णता मिळते. यात जादू नाही आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाचा भंगही नाही. तीन युनिटे खडकाने दिलेली असतात, चौथे विजेचे. वीज येथे उष्णता बनवत नाही. ती हमाली करते.

हमालाला चढ जितका कमी, तितके काम सोपे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे सूत्राने पाहावे. केल्व्हिन अंशांतले घराकडचे तापमान भागिले दोन्ही बाजूंच्या तापमानांतला फरक, एवढी पट ही निसर्गाने घातलेली कमाल मर्यादा आहे. खडकाकडे ५ अंश आणि फरशीखालच्या नळांत ३५ अंश असले, तर ३०८ भागिले ३० म्हणजे दहाच्या थोडे वर. प्रत्यक्ष यंत्रात घर्षण वगैरे जाऊन चार-साडेचार पदरात पडतात. पण उणे १५ अंशांच्या हवेतून उष्णता काढून ५५ अंशांचे पाणी करायचे म्हटले, तर मर्यादाच पाचाच्या खाली येते आणि हाती दोन-अडीच राहतात. हवेपेक्षा खडक बरा, तो यासाठी. हवा नेमकी गरजेच्या वेळी सर्वांत थंड असते.

ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ साली मांडली. जमिनीतून उष्णता खेचण्याचे पेटंट स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिख झेली यांनी १९१२ मध्ये घेतले. पण चूल पेटवणे इतके सोपे आणि कोळसा इतका स्वस्त, की कोणी फारसे लक्ष दिले नाही. झुरिचच्या नगरगृहात मात्र १९३८ मध्ये शेगड्या काढून उष्णता-पंप बसवण्यात आला. शेजारून वाहणाऱ्या लिमात नदीच्या गार पाण्यातून तो ऊब काढी. हे यंत्र २००१ पर्यंत, म्हणजे ६३ वर्षे, टिकले!

स्वीडनला जाग आणली ती १९७३ च्या तेलटंचाईने. तोवर तेथील घरे मुख्यतः आयात तेलावर तापत असत. आज तेथील लाखो घरांच्या अंगणात शंभर ते दोनशे मीटर खोल, मनगटाहून थोडे जाड असे भोक असते. त्यात इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळवलेली प्लॅस्टिकची नळी सोडतात आणि तिच्यातून पाणी व अल्कोहोल यांचे मिश्रण फिरवतात. अल्कोहोल घालतात ते पाणी गोठू नये म्हणून. दीडशे मीटर भोकातून पाच-सहा किलोवॉट उष्णता मिळते. धूर नाही, राख नाही, तेलाची टाकी नाही. मात्र शेजाऱ्यांची भोके फार जवळ आली, तर दोघे एकाच ताटात जेवू लागतात आणि खडक वर्षानुवर्षे थंड होत जातो.

आणखी एक गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते. वीज कोळशाची असेल, तर वीजकेंद्रातच कोळशाची दोनतृतीयांश उष्णता वाया गेलेली असते. मग तिप्पट देणारा उष्णता-पंप ते नुकसान कसेबसे भरून काढतो, एवढेच. स्वीडनची बरीचशी वीज पाण्याची आणि अणूची, म्हणून तेथे हिशेब फायद्याचा बसला.

हेच यंत्र उन्हाळ्यात उलट चालवता येते. एक झडप फिरवली, की घरातली उष्णता खडकात जाते. स्टॉकहोमजवळच्या आर्लांडा विमानतळाने तर २००९ पासून वाळू-गोट्यांच्या थरातील भूजलाचे कोठारच केले आहे. उन्हाळ्यात तेथील गार पाणी इमारतींना थंड करते आणि कोमट होऊन थराच्या दुसऱ्या टोकाला साठते. हिवाळ्यात तेच कोमट पाणी वर काढून त्याने विमाने उभी राहण्याच्या जागेवरचे बर्फ वितळवतात.

मग आपल्या मराठवाड्यात, विदर्भात हे का नको? मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि जमिनीत २७-२८. वातानुकूलन यंत्राने उष्णता तापल्या हवेत फेकण्यापेक्षा खडकात टाकली, तर चढ कमी होईल, वीज वाचेल. पहिल्या वर्षी वाचेलही. पण स्वीडनमध्ये हिवाळा येऊन खडकातली ठेव परत काढून नेतो. आपल्याकडे ती काढायला कोणी येत नाही. दरवर्षी नुसती भरच पडत गेली, तर भोकाभोवतीचा खडक तापत जातो आणि फायदा आटतो. म्हणून आपल्याकडे जेथे गारवा आणि ऊब एकाच वेळी लागतात, अशा जागा शोधायला हव्यात. दुग्धालय घ्या. तेथे दूध ताबडतोब चार अंशांपर्यंत निववायचे असते आणि कॅन व नळ धुवायला गरम पाणीही भरपूर लागते. तेथे एक युनिट वीज दुधातून तीन युनिट उष्णता काढील आणि चार युनिटांचे गरम पाणी देईल. भोक पाडायचीही गरज नाही.