मोगली रत्नागिरीस कसा पोचला

१९९३ साली, कोकण रेल्वेची गाडी रत्नागिरीस पोचण्याच्या काही वर्षे आधी, रविवारी सकाळी दूरदर्शनच्या पडद्यावर लांडग्यांत वाढलेला जो मोगली अवतरत असे, तो अमेरिकेतील डिस्ने कंपनीचा, असे त्या पिढीतील पुष्कळ सुशिक्षित माणसे आजही निःशंकपणे सांगतात. ही समजूत दूर होणे मला अगत्याचे वाटते. कारण तिच्यापायी ज्यांच्या श्रमांनी ते बालपण समृद्ध झाले, त्यांचे श्रेय भलत्याच खाती जमा होते. ती मालिका जपानमधील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेची. फुमिओ कुरोकावा यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेले तिचे ५२ भाग ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात जपानी दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि पुढे हिंदी संवादांचा साज चढवून दूरदर्शनने ते आपल्याकडे आणले. डिस्नेचा मोगलीवरील बोलपट १९६७ चा, आणि तो सर्वस्वी निराळा.

गोंधळाला कारण मात्र सबळ आहे. त्याच दशकात दूरदर्शनवर 'टेलस्पिन' ही डिस्नेची मालिका हिंदीत लागत असे आणि तीत मोगलीच्याच कथेतील बल्लू अस्वल वैमानिक होता, शेरखान वाघ धनाढ्य उद्योगपती होता. एकाच पडद्यावर, एकाच नावांची जनावरे पाहिल्यावर मुलांच्या मनात दोन्ही घराणी एकवटली, यात नवल नाही. तथापि किपलिंग या इंग्रज लेखकाच्या 'जंगल बुक' या मूळ पुस्तकाशी ताडून पाहिले असता भेद तत्काळ दिसतो. किपलिंगचा 'का' हा अजगर मोगलीचा वडीलधारा स्नेही आहे. त्यास दुष्ट केले ते डिस्नेने. वानरांचा राजा लुई तर मूळ कथेत नाहीच, आणि तो ज्या जातीचा दाखवला आहे ते ओरांगउटान बोर्निओ व सुमात्रा या बेटांवर राहतात, हिंदुस्थानच्या अरण्यांत नव्हे.

मालिकेचे शीर्षकगीत हे परकीय गीताचे भाषांतर असावे, असाही एक प्रवाद आहे. वस्तुतः ते येथेच जन्मले: शब्द गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे. शेरखानाचा तो जरब बसवणारा आवाज नाना पाटेकरांचा, आणि त्यांचे जन्मगाव मुरुड-जंजिरा, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे.

विदेशी चित्रमालिका छोट्या गावांत केबलमुळे आल्या, ही समजूत मला सर्वांत अन्यायाची वाटते. १९८३ साली अवकाशात गेलेला इन्सॅट-१बी उपग्रह आणि त्याच्या पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांत उभारलेले लघुशक्ती प्रक्षेपक, ही सरकारी खजिन्यातून झालेली तजवीज होती. दिल्लीहून निघालेले चित्र उपग्रहामार्गे स्थानिक मनोऱ्यावर उतरे आणि तेथून, मासिक वर्गणीचा प्रश्न न येता, ज्याच्या कौलांवर ॲन्टेना असेल त्याच्या घरात जाई. डोंगरांच्या आडोशाला वसलेल्या वाड्यांत पडद्यावर मुंग्या येत, कोणीतरी वर चढून ॲन्टेना फिरवी आणि खालून "आलं, आलं" अशी आरोळी उठे; ज्यांच्याकडे संच नसे त्यांची मुले शेजाऱ्यांच्या पडवीत बसत. 'जायंट रोबोट' हा आणखी एक जपानी पाहुणा याच मार्गाने ऐंशीच्या दशकात येऊन गेला होता. केबलवरील मुलांच्या वाहिनीचा, कार्टून नेटवर्कचा, हिंदुस्थानातील प्रारंभ तर मोगलीनंतरचा, १९९५ चा.

किपलिंगने मोगलीचे अरण्य प्रत्यक्ष हिंडून वर्णिले, हीही दंतकथाच. त्याचा जन्म १८६५ साली मुंबईचा खरा. परंतु सातपुड्यातील ज्या सिवनीच्या रानात कथा घडते तेथे तो कधी गेला नव्हता. १८९४ चे 'जंगल बुक' त्याने अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात, कडाक्याच्या हिमवर्षावाच्या मुलखात राहून लिहिले, आणि सातपुड्याचे ज्ञान बव्हंशी स्टर्नडेल या इंग्रज लेखकाच्या ग्रंथांवरून घेतले. त्या रानाचा पेंच नदीकाठचा भाग आज व्याघ्र प्रकल्प असून त्याचा एक हिस्सा आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो.

उरला प्रश्न मालकीचा. किपलिंग १९३६ साली निवर्तला. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे, हा आपल्याकडील तत्कालीन कायद्याचा दंडक असल्यामुळे १९८६ अखेर त्याच्या ग्रंथांवरील हक्क येथे संपुष्टात आला. डिस्नेचा हक्क आहे तो तिने स्वतः रेखाटलेल्या आकृतींवर, रचलेल्या गाण्यांवर आणि कल्पिलेल्या लुईवर; लांडग्यांनी वाढवलेल्या मुलावर नाही. २०१६ साली डिस्नेचा नवा 'जंगल बुक' चित्रपट हिंदुस्थानात अमेरिकेच्याही एक आठवडा आधी, ८ एप्रिलला, प्रदर्शित झाला, तेव्हा हिंदी आवृत्तीसाठी शेरखानाचा आवाज पुन्हा नाना पाटेकरांकडूनच घेण्यात आला आणि प्रसिद्धीसाठी गुलजार-भारद्वाजांचे तेच जुने गीत नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले.