गोऱ्या डाक्टराचो झील

सर आत्ताच ओसरली आहे आणि वेंगुर्ल्याच्या बाजारातून प्रभातफेरी चालली आहे. पुढे पहिलीतली पोरं. त्यातल्या एकाने झेंडा भिजू नये म्हणून तो छत्रीखाली धरलाय. स्वतः मात्र छत्रीबाहेर, कपाळावरून पाणी निथळतंय. बाई ‘भारत माता की’ म्हणतात आणि ‘जय’ मागच्या वळणावरच्या रांगेतून येईपर्यंत पुढची घोषणा सुरू झालेली असते. कौलांच्या पन्हाळीतून पाणी गळतंय, गटारं दुथडी वाहतायत. मी चहाच्या दुकानाच्या पायरीवर उभा आहे. आज १५ ऑगस्ट.

या तारखेशी माझ्या मनात आणखी एक नाव जोडलेलं आहे. स्वातंत्र्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी, १९१९ साली, याच दिवशी, याच गावात एका अमेरिकन डॉक्टरच्या घरी मुलगा जन्मला. रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि नंतर अमेरिकेचा भारतातला राजदूत. फेरीबरोबर चाललेले एक गुरुजी चहासाठी क्षणभर थांबतात, त्यांना मी हे सांगतो.

“आमच्या वेंगुर्ल्यात जल्मालो?” त्यांचा कप तोंडापाशीच थांबतो.

“हयसरच.”

“मगे पोरांका सांगूक व्हया,” म्हणत ते फेरीच्या मागे धावतात. मंगेश पाडगावकर १९२९ साली इथेच जन्मले, हे त्यांच्या पोरांना पाठ आहे. त्या ओळीत हे दुसरं नावही बसायला काही हरकत नाही.

बाजाराच्या तोंडाशी प्लास्टिकच्या कागदाखाली एक आजी फागलां, म्हणजे कर्टोली, घेऊन बसली आहे. श्रावण असल्यामुळे मासळीपेक्षा भाजीकडेच गर्दी. तिच्यासमोर अळवाच्या पानांवर फागलांचे वाटे मांडलेत, एका बाजूला दोन तवशी, एक पडवळ. एकेक फागलं ती बोटांनी फिरवून बघते, पिकलेलं असेल तर मागे टाकते. वाटा लावून झाला की वर एक जास्तीचं ठेवते. ही सवय मी माझ्या आजीत पाहिली आहे.

“खंय चललस रे पावसात?”

“दवाखान्याकडे, आजी.”

“बरा नाय?”

“बरा आसा. त्या गोऱ्या डाक्टराचो झील आजच्या दिसा जल्मालो. म्हणान चललंय.”

तिचा हात फागलांवरून उठतो. “गोऱ्या डाक्टराचो? माज्या बापाशीचो हात गोऱ्या डाक्टरानच बांदल्यान.”

आणि ती सांगायला लागते. बाप पोरसवदा असताना माडावर चढला आणि खाली आला. हाड बाहेर. वाडीतली माणसं म्हणाली, हात जातलो. डोलीत घालून दवाखान्यात आणला. “आजयेन पदर पसरल्यान डाक्टराम्होरे. तो म्हणालो, रडा नको, हात माका दी.” आजी आपलाच डावा हात पुढे करते, मनगटापासून कोपरापर्यंत बोट ओढून दाखवते, जणू व्रण तिच्याच कातडीवर आहे. “मागीर त्याच हातान बापूस चाळीस वर्सा माडार चढलो.”

डॉक्टरचं नाव काय, असं विचारल्यावर ती मान हलवते. घरात नाव कधी घेतलंच नाही. गोरो डाक्टर एवढंच. मिशनच्या दवाखान्यात इतक्या वर्षांत एकाहून अधिक डॉक्टर होऊन गेले असणार, तेव्हा हा डॉक्टर गोहीनच होता असं मी लिहिणार नाही. पण हात खरा, माड खरा. मी दोन वाटे घेतो. ती वरचं एक फागलं विसरत नाही.

डच वखारीपाशी पाऊस पुन्हा येतो. मी भिंतीच्या आडोशाला सरकतो. जाड चिऱ्याची भिंत, वर छप्पर नाही, सांध्यासांध्यांत मुळं घुसलेली. एक मूळ मनगटाएवढं जाड होऊन खिडकीच्या कडेने खाली उतरलंय आणि त्यावरून पाण्याची धार चालली आहे. सतराव्या शतकात डच इथे आले, आदिलशाहीच्या परवानगीने. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून कोंडी करायची, तर जवळ बंदर हवं. वेंगुर्ला त्यासाठी सोयीचं. मिरी आणि कापड, जहाजं आणि जमाखर्च. मग इंग्रज आले. त्यांच्या छावणीवरून एक भाग अजून ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखला जातो. या सगळ्यांचं गावाशी नातं बंदरापुरतं आणि हिशेबापुरतं. इथे कितीही वेळा आलो तरी मला या भिंतीत जीव लागत नाही.

दवाखान्याच्या वाटेवर मात्र पाय आपोआप हळू होतात. सेंट ल्यूक्स रुग्णालय. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. याच मिशनचे डॉ. वॉनलेस मिरजेला होते आणि कोकणाच्या या टोकाला डॉ. रॉबर्ट एच. एच. गोहीन, त्या झिलाचे वडील. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता, तो झाकून लिहिण्यात प्रामाणिकपणा नाही. पण पदर पसरलेल्या बाईच्या पोराचा हात आधी हातात घेतला गेला, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं.

गडग्याला शेवाळ दाटलंय. मी छत्री मिटून झाडाखाली उभा राहतो आणि १९१९ चा तो ऑगस्ट डोळ्यांपुढे आणतो. आदल्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं नेलेली. पावसाळा म्हणजे किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद. समुद्राकडून मुंबई तुटलेली. दुसरी वाट सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून बेळगावला जाणारी, आणि आंबोलीचा पाऊस काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. अशा कोंडलेल्या महिन्यात ॲन गोहीन इथे बाळंत झाली. तिच्या माहेरची माणसं साता समुद्रांपलीकडे. कौलांवर हाच पाऊस वाजत असणार. परक्या मुलखात राहणं म्हणजे काय, याचा विचार करताना मला कुठलाही प्रवास आठवत नाही. हे बाळंतपण आठवतं. माणूस जिथे बाळंत होतो, आजारी पडतो, दुसऱ्याच्या आजारपणात जागतो, तो मुलूख त्याला परका राहत नाही.

पोरगा कोडाईकनालच्या शाळेत शिकला आणि पंधराव्या वर्षापर्यंत भारतातच वाढला. त्याच्या बालपणाच्या त्या वर्षांत वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला शिरोड्यात वि. स. खांडेकर शाळा चालवत होते. तो दहा वर्षांचा असताना, १९३० साली, त्याच शिरोड्याच्या मिठागरांत सत्याग्रह झाला. खांडेकर आणि गोहीन दोघं एकाच तालुक्यात, हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा अंगावर काटा आला होता. १९३४ साली तो शिकायला अमेरिकेला गेला. ग्रीक, लॅटिन शिकला, महायुद्धात पॅसिफिकच्या आघाडीवर लढला, आणि १९५७ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, प्रिन्स्टनचा अध्यक्ष झाला. दोनशे वर्षांहून जुन्या त्या विद्यापीठात पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश मिळाला तो १९६९ साली, त्याच्याच कारकिर्दीत.

आणि १९७७ साली, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, जिमी कार्टर यांनी त्याला राजदूत म्हणून दिल्लीला पाठवलं. १९८० पर्यंत तो तिथे होता. वाट्याला आलेला सगळ्यात अवघड प्रश्न होता तारापूरचा. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या अणुवीज केंद्राला लागणारं युरेनियम अमेरिकेने द्यायचं की नाही, यावरून दोन देशांत ताण होता. १९७८ सालच्या अमेरिकी कायद्याने तो आणखी वाढला. कागदावर तो वॉशिंग्टनचा माणूस होता, पण त्याची जन्मनोंद वेंगुर्ल्याची होती. २००८ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो गेला.

झाडाखालून निघून मी बंदरावर येतो. समुद्र मातकट, लाटा धक्क्यावर आपटून वर उडतायत. मासेमारी बंदीचे दोन महिने ३१ जुलैला संपले, पण दर्याने अजून रजा दिलेली नाही. होड्या वर ओढलेल्या, त्यांवर झावळ्या. एका शेडखाली दोघे जाळं सांधतायत. त्यातल्या धाकट्याची सुई एका फासात अडकते, थोरला बोलत नाही, फक्त त्याचं बोट धरून सुईची दिशा बदलतो. सुई सुटते. याच धक्क्याच्या समोर, खोल पाण्यात, आगबोटी थांबायच्या आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. गोहीन दांपत्यही असंच कधीतरी याच पाण्यातून इथे उतरलं असेल. सामान भिजलेलं, भाषा नवी.

पाऊस थांबतो. मी धक्क्यावर बसून वही उघडतो. कोपरे ओले झालेत. आजीने सांगितलेलं तिच्याच शब्दांत उतरवून काढतो: माड, डोली, पदर, ‘हात माका दी’, चाळीस वर्सा. तिचं वय विचारलं होतं, शहाऐंशी. वाडीचं नाव विचारायचं राहून गेलं. मी वही मिटतो आणि परत बाजाराकडे निघतो. फागलां संपायच्या आत तिला गाठायला हवं.

वाचकहो, वेंगुर्ल्यात, मालवणात, सावंतवाडीत, मुंबईच्या चाळीत, कुठेही असाल. तुमच्या घरी मिशनच्या दवाखान्याची, गोऱ्या डाक्टराची, आगबोटीची गोष्ट सांगणारं कोणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसा. वाडीचं नाव, साल आणि त्यांचे शब्द मालवणीतच लिहून घ्या.